हेक्सेनमधले आयन मोजताय? मग या चुका टाळा

द्रव भरलेलं आयनीकरण चेंबर (किरणांनी तयार झालेले आयन दोन इलेक्ट्रोडवर गोळा करून मोजणारं उपकरण) पहिल्यांदा हाती आलं की माणूस हमखास एक गोष्ट करतो: व्होल्टेज वाढवत राहतो. मीही तेच केलं होतं. दोन इलेक्ट्रोडमध्ये एक मिलिमीटरची फट, आत नॉर्मल हेक्सेन, म्हणजे पेट्रोलच्या जातीचा हायड्रोकार्बन द्रव, समोर किरणांचा स्रोत म्हणून कोबाल्ट-६०. दोनशे व्होल्टला प्रवाह टिपला, मग चारशेला, सहाशेला, आठशेला. दर वेळी आकडा थोडा वर. हात हवेच्या चेंबरवर बसलेला, तिथे सगळे आयन गोळा झाले की प्रवाह वाढायचा थांबतो, त्यामुळे डोक्यात एकच विचार, अजून जरा ताणलं की आलेख सपाट होईल. दोन हजारांच्या पुढे इन्सुलेटरवरून ठिणगी गेली, इलेक्ट्रोमीटरचं इनपुट उडालं, आणि आलेख शेवटच्या टिंबापर्यंत चढताच राहिला. सरांनी वही पाहिली, टिंबं एका रेषेत आहेत ना एवढं पट्टी लावून तपासलं आणि म्हणाले, "मग बरोबरच आहे की. सपाट होईल असं तुला सांगितलं कोणी?"

कोणीच सांगितलं नव्हतं. हवेची सवय तेलाला लावली होती. पुढे इतरांच्या वह्या तपासताना दिसलं की या विषयातल्या बहुतेक चुका अशाच उसन्या सवयींच्या असतात. कोणी हवेची सूत्रं आणतं, कोणी पाण्याची.

सपाट भाग शोधत बसू नका

किरणाने रेणूतून इलेक्ट्रॉन उडवला की हवेत तो आपल्या धन आयनापासून इतका लांब जाऊन थांबतो की दोघांचं नातं तिथेच संपतं. द्रव हवेच्या पाचशेपटीहून दाट. तिथे इलेक्ट्रॉन धक्के खात पाच-दहा नॅनोमीटरवरच दमतो. आता प्रश्न असा, की एवढ्या अंतरावरून धन आयन त्याला परत ओढतो का?

याचं उत्तर लार्स ऑन्सागर यांनी १९३८ साली दिलं. ज्या अंतरावर दोन प्रभारांमधली ओढ आणि उष्णतेची धडपड तोडीस तोड होतात, ते अंतर काढायचं. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (द्रव प्रभारांमधली ओढ किती पट कमी करतो तो आकडा) ७८, म्हणून पाण्यात हे अंतर जेमतेम ०.७ नॅनोमीटर. हेक्सेनचा १.९ च्या आसपास, म्हणून तिथे ते ३० नॅनोमीटर. म्हणजे पाण्यात इलेक्ट्रॉन थांबेपर्यंत वेशीबाहेर गेलेला असतो. हेक्सेनमध्ये तो अजून अंगणातच असतो आणि घरातून हाका येत असतात. दर १०० इलेक्ट्रॉन-व्होल्टमागे साधारण चार ते पाच जोड्या तयार होतात, पण हेक्सेनमध्ये त्यातून सुटणारे मुक्त आयन असतात ०.१३ च्या आसपास. शंभरातल्या तीन जोड्या सुटल्या तर सुटल्या. बाकीच्या बहुतेक, तुमचा ऑसिलोस्कोप जागा होण्याआधीच परत घरी.

बाहेरून विद्युतक्षेत्र लावलं की त्या सत्त्याण्णवांतल्या आणखी काही जोड्या फुटतात. क्षेत्र वाढवा, आणखी फुटतील. पुरवठा संपतच नाही, मग आलेख सपाट कसा होणार?

पण याच चढात तपासणीची सोय दडलेली आहे. आलेखाचा सरळ भाग मागे शून्य क्षेत्रापर्यंत वाढवा. तिथे जो प्रवाह मिळेल त्याने रेषेच्या चढाला, म्हणजे क्षेत्रामागे प्रवाह किती वाढतो त्याला, भागा. ऑन्सागरच्या सिद्धांतानुसार हा भागाकार इलेक्ट्रॉन किती लांब गेला यावर अवलंबून नसतो. फक्त तापमान आणि डायइलेक्ट्रिक स्थिरांक यांवर ठरतो. हेक्सेनसाठी खोलीच्या तापमानाला तो ०.००००५८ सें.मी. प्रति व्होल्ट. म्हणजे सेंटीमीटरला सुमारे १७,००० व्होल्ट लावले की प्रवाह शून्य क्षेत्राच्या दुप्पट. तुमचं उत्तर याच्या जवळ आलं तर चेंबर ठीक आहे, पुढच्या कामाला लागा. नाही आलं तर तीन गोष्टी बघा. फट खरंच एक मिलिमीटर आहे का? पत्रे घट्ट करताना ती ०.८ होते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. गळतीचा प्रवाह वजा केला का? आणि सरळ रेषा ओढताना अगदी कमी व्होल्टेजची टिंबं धरली का? ती धरायची नाहीत. तिथे रेषा खाली वाकते, आणि त्याचं कारण निराळं आहे. ते पुढे येईलच. वरच्या टोकालाही फार लांब जाऊ नका, कारण ऑन्सागरच्या मालिकेतली पुढची पदं तिथे डोकं वर काढतात.

हवेच्या चेंबरची दुरुस्तीसूत्रं

रेडिओथेरपीत आयसोऑक्टेन भरलेली छोटी चेंबर वापरतात. द्रव दाट असल्याने अगदी लहान आकारमानातही पुरेसा प्रभार मिळतो, आणि अरुंद किरणशलाका मोजायला तेच हवं असतं. पीटीडब्ल्यू कंपनीच्या मायक्रोलायन या अशा चेंबरमध्ये फट ०.३५ मिलिमीटर आणि व्होल्टेज ८००. वैद्यकीय भौतिकीतली मंडळी हवेच्या चेंबरवर तयार झालेली, त्यामुळे इथे घोडं दोन ठिकाणी पेंड खातं.

पहिलं ठिकाण तापमान. हवेचं चेंबर उघडं असतं. खोली तापली की हवा विरळ होते आणि वाचन कमी येतं. म्हणून आपण वाचनाला तापमान-दाबाच्या गुणकाने वर उचलतो. द्रवाचं उलटं आहे. तापमान वाढलं की उष्णतेची धडपड वाढते, जोड्या जास्त सुटतात, वाचन वाढतं. सवयीने हवेचा गुणक लावला तर चूक भरून निघण्याऐवजी तिच्यावर दुसरी चूक चढते. दाबाची दुरुस्ती तर इथे लागतच नाही. मी असं एक कोष्टक पाहिलं आहे ज्यात दोन्ही दुरुस्त्या इमानेइतबारे केल्या होत्या आणि दुपारची वाचनं सकाळच्या वाचनांशी का जुळत नाहीत यावर अर्धं पान खर्ची घातलं होतं.

दुसरं ठिकाण दोन व्होल्टेजची पद्धत. हवेत पुनर्संयोगामुळे, म्हणजे धन-ऋण आयन गोळा होण्याआधीच पुन्हा जुळल्यामुळे, होणारा तोटा काढायला आपण पूर्ण आणि निम्म्या व्होल्टेजवर वाचन घेतो. त्यामागचं गृहीतक असं की व्होल्टेज बदलल्याने फक्त गोळा होणारे आयन बदलतात, तयार होणारे बदलत नाहीत. द्रवात तर तेच बदलतात! व्होल्टेज निम्मं केलं की मुळात कमी आयन सुटतात, आणि तो फरक तुम्ही तोटा समजून दुरुस्त करता. द्रवासाठी व्होल्टेज कायम ठेवून मात्रादर (दर सेकंदाला मिळणारा डोस) बदलण्याची पद्धत वापरतात: स्रोतापासूनचं अंतर वाढवा, दोन मात्रादरांवर मोजा, गुणोत्तर तपासा.

लिनॅकच्या, म्हणजे पल्समध्ये किरण देणाऱ्या रेषीय त्वरकाच्या बाबतीत एक छोटा हिशेब कागदावर करून ठेवा. आयसोऑक्टेनमध्ये आयनांची गतिशीलता (एकक क्षेत्रात मिळणारा वेग) ०.०००३ चौ. सें.मी. प्रति व्होल्ट-सेकंद या घरातली. ०.०३५ सें.मी. फट, ८०० व्होल्ट. फटीचा वर्ग भागिले (गतिशीलता गुणिले व्होल्टेज). उत्तर येतं पाच मिलिसेकंद. लिनॅकचे पल्स अनेकदा तीन ते दहा मिलिसेकंदांच्या अंतराने येतात. म्हणजे आधीच्या पल्सचे आयन अजून वाटेत असताना पुढचा पल्स येऊन धडकू शकतो. हवेसाठी पल्सगणिक जो हिशेब मांडतात, तो प्रत्येक पल्स स्वतंत्र आहे असं मानतो. तसा तो इथे प्रत्येक वेळी नसतो.

हा संथपणा नेहमीच शाप असतो असं मात्र नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या कर्करोग संस्थेत १९८० च्या दशकात आयसोऑक्टेनच्या पातळ थरावर २५६ गुणिले २५६ इलेक्ट्रोडचं जाळं बसवून रेडिओथेरपीची प्रतिमा घेण्याचं उपकरण केलं गेलं. एकेक ओळ वाचायची, पण वाचायची पाळी येईपर्यंत द्रव आयन सांभाळून ठेवतो. आयन लगेच निघून जात असते तर हे जमलंच नसतं.

डोस जास्त दिला की सिग्नल चांगला येतो, ही समजूत

पल्स रेडिओलिसिसमध्ये (किरणांचा छोटा पल्स देऊन लगेच काय घडतं ते बघण्याच्या पद्धतीत) प्रकाशाचं शोषण मोजणाऱ्यांना दर पल्सला दहा-वीस ग्रे (ग्रे हे डोसचं एकक) द्यायची सवय असते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ७ एमइव्ही लिनॅकवर अशी सोय १९८० च्या दशकापासून आहे, आणि अनेक मराठी विद्यार्थ्यांनी हा विषय पहिल्यांदा तिथेच पाहिला. शोषणासाठी ती मात्रा योग्य. विद्युतवाहकता मोजायला तीच मात्रा वापरली की काय होतं ते बघा.

हेक्सेनमध्ये एक ग्रे म्हणजे घन सेंटीमीटरला सुमारे पाच लाख कोटी मुक्त जोड्या. धन आणि ऋण वेगळे व्हायला लागले की एक मिलिमीटर फटीत त्यांचं स्वतःचं क्षेत्र सेंटीमीटरला पाच लाख व्होल्टच्या घरात जाऊ शकतं. तुम्ही लावलेत दहा हजार. मग क्षेत्र कोणाचं चालणार? आयन हलतच नाहीत. तिथल्या तिथे, मिलिसेकंदाच्या काही अंशात, परक्या जोडीदारांशी जुळून संपतात. (हा पुनर्संयोग घरी परतणाऱ्या जोड्यांचा नव्हे. एका घरचा इलेक्ट्रॉन दुसऱ्या घरच्या आयनाला भेटतो तो. कमी व्होल्टेजला रेषा खाली वाकते ती याच्यामुळेच.) डोस एक मिलिग्रेवर आणा. तेच क्षेत्र पाचशेवर येतं आणि आयनांना एक-दोन दशांश सेकंद मिळतात. गोळा करायला हा वेळ भरपूर झाला.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत वर्नर श्मिट आणि ए. ओ. अ‍ॅलन यांनी मुक्त आयनांचे आकडे काढले ते याच वाटेने: छोटा पल्स, मग क्षेत्राने आयन पुसून घ्यायचे, पुनर्संयोगाला संधीच द्यायची नाही. आजही कोष्टकांत येणारे कितीतरी आकडे त्यांचे आहेत.

जाता जाता एक. या पुनर्संयोगाचा वेगांक काढलात आणि तो लिटर प्रति मोल-सेकंदात लाख कोटीच्या आसपास आला, तर घाबरून शून्यं खोडू नका. पाण्यातल्या विसरणाच्या मर्यादेपेक्षा तो पन्नास-शंभरपट मोठा दिसतो, आणि तसाच असतो. तीस नॅनोमीटरवरून हाका मारणारे आयन एकमेकांना लवकर सापडणारच.

शुद्धतेचा अतिरेक, आणि शुद्धतेकडे काणाडोळा

इथे मला दोन्ही टोकं दिसतात.

एकाला फक्त एकूण प्रभार मोजायचा असतो, म्हणजे डोसमापन. तो तीन आठवडे हेक्सेन गाळत बसतो. त्याची गरज नाही. हवेच्या संपर्कातल्या हेक्सेनमध्ये लिटरमागे सुमारे तीन मिलिमोल ऑक्सिजन विरघळलेला असतो, पाण्याच्या दहापट. इलेक्ट्रॉन काही नॅनोसेकंदांत त्याला चिकटतो आणि ऋण आयन होतो. पण तोवर तो मुक्त झालेलाच असतो. तो इलेक्ट्रॉन म्हणून आला काय किंवा ऑक्सिजनच्या पाठीवर बसून आला काय, प्रभार तेवढाच. गळतीचा प्रवाह कमी राहील इतकी स्वच्छता ठेवली की काम भागतं.

दुसऱ्याला इलेक्ट्रॉनची गतिशीलता हवी असते, आणि तो बाटलीवरच्या "स्पेक्ट्रोस्कोपी ग्रेड" या शब्दांवर विसंबतो. त्याचं नुकसान ठरलेलं. एक मिलिमीटर फट, हजार व्होल्ट. हेक्सेनमध्ये इलेक्ट्रॉनची गतिशीलता ०.०९, म्हणजे पलीकडे पोचायला एक दशांश मिलिसेकंद. आयनांची साधारण ०.००१, म्हणजे दहा मिलिसेकंद. पडद्यावर आधी एक चटकन उडी आणि मागून लांबलचक चढ दिसायला हवा. नुसता चढच दिसत असेल तर तुमचा इलेक्ट्रॉन वाटेतच पकडला गेला आहे. त्याला पलीकडे पोचू द्यायचं तर ऑक्सिजनसारखी अशुद्धी दर अब्ज रेणूंमागे दहाएक रेणूंच्या आत आणावी लागते. कार्बन टेट्राक्लोराइडसारखी अधाशी असेल तर त्याहूनही कितीतरी खाली. म्हणून सिलिका जेलचा स्तंभ, मग मॉलिक्युलर सीव्ह, मग गोठवून हवा ओढण्याचे चार-पाच फेरे, आणि अगदी शेवटी सोडियम-पोटॅशियमचा मिश्रधातू. तो हवेत पेट घेतो. एकट्याने रात्री करायचं काम ते नव्हे.

एवढं सगळं करूनही उडी दिसेना असं आमच्याकडे झालं होतं. दोन महिने गेले. सगळ्यांचा संशय हेक्सेनच्या बाटलीवर, पुरवठादार बदलून झाला. शेवटी कोणाच्या तरी लक्षात आलं की व्हॅक्युम लाइनच्या काचेच्या तोट्यांना ग्रीस लावलेलं आहे, आणि ग्रीस हेक्सेनमध्ये विरघळतं. आम्ही शुद्ध केलेला द्रव दर वेळी त्याच तोट्यांतून नेऊन पुन्हा घाण करत होतो. टेफ्लॉनच्या, ग्रीस न लागणाऱ्या तोट्या बसवल्या आणि तिसऱ्या दिवशी उडी आली. रबरी बुचांचंही तेच: हेक्सेन त्यातून काय काय ओढून घेतं ते बुच फुगल्यावर कळतं.

द्रव जुना होतो हेही विसरू नका. किरणांनी त्यातच हायड्रोजन आणि असंतृप्त संयुगं तयार होतात. सकाळी शुद्ध भरलेला नमुना संध्याकाळी तो नमुना राहिलेला नसतो. मोजमापं उलट्या क्रमाने पुन्हा घेऊन बघितली की हे लगेच उघडं पडतं.

ऑक्टेन म्हणजे ऑक्टेन नव्हे

खरेदीच्या यादीत "ऑक्टेन" एवढंच लिहिलेलं मी पाहिलं आहे. नॉर्मल ऑक्टेन आणि आयसोऑक्टेन यांचं रेणुसूत्र एकच, पण इलेक्ट्रॉन पहिल्यात रखडतो आणि दुसऱ्यात त्याच्या शंभरपटीहून जास्त वेगाने धावतो. मुक्त आयनही दुसऱ्यात दुपटीहून जास्त, ०.३३ च्या आसपास. पेंटेनमध्ये हा फरक डोळे दिपवतो. नॉर्मल पेंटेनमध्ये इलेक्ट्रॉनची गतिशीलता ०.१५ च्या घरात. चेंडूसारख्या गोल निओपेंटेनमध्ये सत्तरच्या आसपास. लांब साखळीच्या रेणूंमध्ये इलेक्ट्रॉन खड्ड्यात पडत-उठत जातो, गोल रेणूंच्या गर्दीतून तो जवळजवळ मोकळा सुटतो. टेट्रामिथिलसायलेन तांत्रिकदृष्ट्या हायड्रोकार्बन नाही, पण याच गुणामुळे त्याची वर्णी लागते. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या कास्केड प्रयोगात वैश्विक किरण मोजायला ते वापरलं होतं.

धन आयन नेहमी संथच असतो, हीसुद्धा अशीच एक समजूत. बहुतेक द्रवांत खरी. पण सायक्लोहेक्सेनमध्ये १९७० च्या दशकात नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाला धन प्रभार साध्या आयनाच्या कितीतरी पट वेगाने जाताना दिसला, ०.०१ च्या घरात. तिथे आयन स्वतः चालत नाही. शेजारचा रेणू त्याला इलेक्ट्रॉन देतो आणि रिकामी जागा पुढे सरकते. ट्रान्स-डेकॅलिनमध्येही तसंच. तेव्हा सायक्लोहेक्सेनमध्ये जलद सिग्नल दिसला की लगेच "इलेक्ट्रॉन" असं वहीत लिहू नका. थोडा ऑक्सिजन सोडा. इलेक्ट्रॉनचा सिग्नल मावळेल. जो उरला तो धन प्रभाराचा.

पाण्यातलं गतिशास्त्र

इलेक्ट्रॉन पकडणारा पदार्थ मिसळून उत्पादन मोजायचं, मग व्यस्त-व्यस्त (१/उत्पादन विरुद्ध १/संहती) आलेख काढून सरळ रेषा शोधायची, ही पाण्यातली रीत. हायड्रोकार्बनमध्ये रेषा सरळ येत नाही, आणि विद्यार्थी नको ती टिंबं खोडतात. पकडणाऱ्याची स्पर्धा इथे घरी परतणाऱ्या जोड्यांशी असते, आणि त्यांची आयुष्यं एकसारखी नसतात: कोणी पिकोसेकंदात परततो, कोणी शंभर नॅनोसेकंद रेंगाळतो. वॉर्मन, आस्मुस आणि शुलर यांनी १९६९ मध्ये दाखवलं की उत्पादन विरल द्रावणात संहतीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं. सायक्लोहेक्सेनमध्ये मेथिल ब्रोमाइड घ्या. लिटरमागे ०.०१ मोलला उत्पादन येतं १.२ च्या जवळ. शंभरपट विरळ करा, तरी ते ०.२७ पर्यंतच उतरतं. वर्गमुळावर आलेख काढा. डावीकडे जिथे तो अक्षाला टेकतो, तो मुक्त आयनांचा आकडा. वाहकतेने काढलेल्या आकड्याशी ताडून बघा. दोन वेगळ्या वाटांनी आलेला आकडा जुळला की झोप चांगली लागते.

नायट्रस ऑक्साइड पाण्यात इतकं सोयीचं आहे म्हणून इथेही वापरलं जातं. जपून. हायड्रोकार्बनमध्ये ते इलेक्ट्रॉन पकडल्यावर पुढच्या अभिक्रियांतही नायट्रोजन देतं, आणि मोजलेला नायट्रोजन इलेक्ट्रॉनांपेक्षा जास्त भरतो.

एककांचा घोळ तर नेहमीचाच. जुने आकडे दर १०० इलेक्ट्रॉन-व्होल्टमागे, नवे मायक्रोमोल प्रति ज्यूलमध्ये. जुन्याला ०.१०३६ ने गुणा. आणि कोबाल्टवरचा आकडा अल्फा कणांना लावू नका. त्यांच्या वाटेवर जोड्या एकमेकींना खेटून असतात आणि सुटणारे आणखी कमी.

जुलैतला प्रवाह

शेवटची तक्रार दर पावसाळ्यात येते: "स्रोत बंद आहे तरी प्रवाह दिसतोय, द्रव खराब झाला." शुद्ध हेक्सेन इतकं दुर्वाहक असतं की त्यातून येणारा प्रवाह पिकोअँपिअरच्या खाली मोजावा लागतो. मुंबईच्या दमट हवेत इन्सुलेटरच्या बाहेरच्या अंगावर पाण्याचा जो न दिसणारा पापुद्रा बसतो, त्याच्यातून याहून जास्त प्रवाह वाहतो. द्रव बदलण्याआधी व्होल्टेजची दिशा उलटी करून बघा, गार्ड रिंगची (गळतीचा प्रवाह मोजमापापासून बाजूला वळवणाऱ्या कडीची) तार खरंच जोडलेली आहे का बघा, आणि इन्सुलेटरला हात लावला होता का ते आठवा. बोटाचा ठसासुद्धा पुरतो. आमच्याकडे त्या खोलीत एक जुना हेअर ड्रायर होता, त्याच्यावर मार्करने "गळतीसाठी" असं लिहिलेलं. हेक्सेनची बाटली आणि वाफा पूर्ण दूर नेऊन, चेंबर रिकामं आणि बंद करून, तो पाच मिनिटं फिरवायचा, वर सिलिका जेलच्या पिशव्या ठेवून डबा लावायचा. दहापैकी आठ वेळा प्रवाह खाली यायचा आणि द्रवाचं नाव निष्कारण खराब झालेलं असायचं.